बाखची बदली

योहान सेबास्टियन बाखने गिटारसाठी एक ओळही लिहिली नाही. परभणीसाठी लिहिण्याचा तर प्रश्नच नव्हता. तरीही जगभरातले गिटारवाले सकाळ-संध्याकाळ त्याचंच नाव घेतात, आणि त्यांच्यातला एक, अगदी शेवटच्या रांगेतला, परभणीत वसमत रस्त्याच्या बाजूच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर बसून त्या थोर माणसाचं संगीत सहा तारांत कसं मावेल याच्या खटपटीत असतो. या खटपटीचा कुणाला काही उपयोग नाही. तिनं पाऊस लवकर येत नाही, कापसाचा भाव चढत नाही, आणि खाली टँकरची वाट बघत उभी असलेली मंडळी मान वर करूनही बघत नाहीत. पण ज्या कामाची कुणालाच घाई नसते, त्या कामाला एक ऐसपैसपणा येतो. दोन सुरांतला कुठला ठेवावा आणि कुठला सोडावा यावर मी एक अख्खा उन्हाळा घालवू शकतो, आणि परभणीचा उन्हाळा काही छोटा नसतो.

सरकारी नोकरीत बदली होऊन परभणीला येणाऱ्या माणसाच्या कानावर पहिल्या आठवड्यातच 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे वचन पडतं. ते ऐकवणाऱ्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती असते. मीही पाटबंधारे खात्यात असताना असाच आलो आणि इथलाच झालो. नोकरीत दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड उचललं की माणसाला एक विद्या आपोआप येते. ट्रक दारात उभा राहिला की कळतं, सगळं काही जात नाही. शिसवी कपाट नव्या घराच्या दारातून आत शिरत नाही, ते मागच्या गावीच कुणाला तरी देऊन टाकावं लागतं. पलंग सुटा करून नेता येतो, पण जोडताना एक खिळा कमी भरतो. तुळशीची कुंडी ट्रकमध्ये टाकत नाहीत, ती घरातलं कुणीतरी मांडीवर घेऊन बसतं. आणि नव्या घरी चार दिवस गेले की सगळ्यांना वाटायला लागतं, की हे घर असंच होतं. एका वाद्याचं संगीत दुसऱ्या वाद्यावर आणणं याहून फारसं वेगळं नाही. ज्याला संगीताचं संयोजन म्हणतात त्यातलं अर्धं काम कपाट सोडण्याचं असतं आणि उरलेलं तुळस सांभाळण्याचं.

बाखची सेवापुस्तिका मी बऱ्याच आपुलकीनं वाचली आहे. आर्नश्टाट १७०३, म्युलहाउझेन १७०७, वायमार १७०८, क्योथेन १७१७, लाइपझिग १७२३. सगळ्या बदल्या जवळपासच्या, म्हणजे मराठवाड्यातल्या मराठवाड्यातच म्हणा ना. त्याच्याच वर्षी, १६८५ मध्ये, हाले गावात जन्मलेला संगीतकार हँडल इटली बघून लंडनला जाऊन बसला, पण बाखने जर्मन मुलुखाची वेस कधी ओलांडली नाही. मात्र सेवानियमांशी त्याचं कधी जमलं नाही. आर्नश्टाटला असताना त्यानं चार आठवड्यांची रजा घेतली आणि ल्युबेक गावी बुक्सटेहूड नावाच्या म्हाताऱ्या ऑर्गनवादकाला ऐकायला गेला. गेला तो चारशे किलोमीटरच्या आसपासची वाट पायी चालत, आणि परतला सुमारे चार महिन्यांनी. वरिष्ठांनी जाब विचारला. रजेचा तर विचारलाच, शिवाय प्रार्थनेच्या वेळी ऑर्गनवर नाही नाही ते सूर मिसळून भक्तांचा गोंधळ उडवतोस, हेही सुनावलं. एवढ्या लांब चालत जाण्याचं नवल लाइपझिगच्या लोकांना वाटत असेल, परभणीला वाटणार नाही. आषाढीच्या आधी शेगावची पालखी या गावावरून जाते, तेव्हा चालणाऱ्यांना कुणी 'का' असं विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की चहा घेणार का.

पुढं वायमारच्या ड्यूककडे त्यानं नोकरी सोडण्याचा फारच हट्ट धरला, तेव्हा ड्यूकनं त्याला १७१७ च्या नोव्हेंबरात सुमारे चार आठवडे कोठडीत ठेवलं आणि मग काढून टाकलं. आमच्या खात्यात बदलीसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणारे पुष्कळ पाहिले, पण बदलीपायी तुरुंगात गेलेला हा एकच. लाइपझिगची जागाही त्याला मिळाली ती आधी पसंत केलेल्यांपैकी टेलिमान आला नाही आणि ग्राउपनरला त्याच्या धन्यानं सोडलं नाही म्हणून. तिथून १७३० साली त्यानं एका जुन्या मित्राला पत्र लिहिलं आहे, त्यात भत्त्यांची तक्रार आहे. अंत्यसंस्कारांच्या वेळी गाण्याबद्दल मिळणारं मानधन हा त्याच्या मिळकतीचा एक भाग होता, आणि गावची हवा चांगली राहिल्यामुळं माणसं पुरेशी मरत नाहीत, शंभराहून जास्त थेलरचं नुकसान झालं, असं हा महापुरुष कळवतो. त्याच्या पॅशन-संगीतापुढं नतमस्तक व्हायला मला अजूनही थोडा संकोच वाटतो, पण या पत्रापुढं मी कधीही पाय पसरून बसू शकतो.

ज्याची स्वतःची इतकी उचलाउचल झाली, त्यानं आपलं संगीत एका जागी बसू दिलं असतं तरच नवल. विवाल्दीचे व्हायोलिनचे कॉन्चेर्तो त्यानं वायमारला ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डवर आणले. स्वतःचा चेलोचा पाचवा स्वीट, म्हणजे नाचांच्या तुकड्यांची माळ, त्यानं ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासाठी पुन्हा लिहिला, आणि त्यावर शूस्टर नावाच्या कुणा गृहस्थाचं नाव घातलं. व्हायोलिनच्या तिसऱ्या पार्टिताचंही त्यानं असंच दुसरं रूप केलं, आणि त्या हस्तलिखितावर वाद्याचं नाव घालायचंच राहून गेलं. आज आम्ही ते ल्यूटचं समजून गिटारवर वाजवतो. ज्याला आम्ही गिटारवाले ई मायनर स्वीट म्हणून ओळखतो, त्याच्या एका जुन्या प्रतीवर 'लाउटेनवेर्क'साठी असं लिहिलेलं आहे. लाउटेनवेर्क म्हणजे आतड्याच्या तारा लावलेलं, पट्ट्या दाबून वाजवायचं वाद्य. दिसायला हार्पसिकॉर्डच्या घराण्यातलं आणि बोलायला ल्यूटच्या. बाख वारला तेव्हा त्याच्या घरच्या मालमत्तेच्या यादीत अशी दोन वाद्यं होती. आज जगात मूळचं एकही उरलेलं नाही. म्हणजे तो स्वीट एका नाहीशा झालेल्या घराच्या पत्त्यावर पाठवलेला आहे, आणि आम्ही सगळे तो आपल्या पत्त्यावर वळवून घेऊन बसलो आहोत.

चेलोच्या पहिल्या स्वीटचा प्रेल्यूड घ्या, जो आता जाहिरातींतसुद्धा वाजतो. मूळ जी मेजरमधला. चेलोवर पहिले दोन सूर मोकळ्या तारांवर येतात, गज नुसता टेकवला तरी वाद्य आपण होऊन बोलायला लागतं. तो गिटारवर आणताना बहुतेक जण डी मेजरमध्ये नेतात. सहावी तार ई वरून डी वर उतरवायची, म्हणजे ती थोडी सैलावते आणि तिचा आवाज झोपेतून उठल्यासारखा होतो. मग चौथी तार मोकळी, तिसरीवर दुसऱ्या पडद्याशी एक बोट, पहिलीवरही दुसऱ्याच पडद्याशी एक. मूळच्या दोन मोकळ्या तारांतली एक इथं गेली. ती गेल्याचं वाईट वाटतं न वाटतं तोच पहिल्या तारेवरचं बोट क्षणभर उचलायचं असतं, आणि मोकळी तार अशी काही हसते की नुकसान विसरून जावं. पण खरी अडचण पुढं आहे. चेलोचा गज सूर ओढत राहतो, वाटलं तर फुगवतो. गिटारचा सूर जन्मला की त्याच क्षणी विझायला लागतो. त्याला पाळण्यातच पांढरे केस येतात. म्हणून संयोजक काय करतो, तर मधल्या पोकळीत खालचे सूर भरतो, एक खर्ज इथं, एक पंचम तिथं. भरायला जागा आहे हे एकदा कळलं की हात थांबत नाही.

आणि इथंच माझं काही मोठमोठ्या संयोजकांशी पटत नाही. बाखनं चेलोला एका वेळी बहुतेक एकच ओळ दिली आहे, पण ती ओळ अशी चालते की एकट्या माणसाच्या बोलण्यातून घरातल्या चार जणांचे आवाज ऐकू यावेत. खर्ज तो एकदा वाजवून सोडून देतो आणि पुढं निघून जातो. कान तो धरून ठेवतो. हे जे काम त्यानं ऐकणाऱ्याकडे सोपवलं, ते गिटारवाल्यानं मध्ये पडून स्वतःच करून टाकावं, प्रत्येक मात्रेला पायाखाली एक फरशी बसवावी, यात मदत कमी आणि चोंबडेपणा जास्त आहे. मी सुरुवातीला सगळं भरलं, मग वर्षावर्षाला एकेक खर्ज काढत गेलो. आता माझ्या प्रतीत इतकं कमी उरलं आहे, की एखादा परीक्षक म्हणेल, यात तुम्ही केलं काय?

संयोजन कसंही असो, शेवटी ते नखांवर येऊन थांबतं. उजव्या हाताची वाढवलेली, डाव्या हाताची मुळापासून कापलेली. बँकेत सही करताना, उसाच्या रसाचा ग्लास उचलताना, बसमध्ये दांडी धरताना लोक आधी उजवा हात बघतात, मग डावा, मग चेहरा, आणि त्यांच्या मनात जे काही येतं ते ते सभ्यपणे गिळतात. नखाची कड गुळगुळीत हवी, नाहीतर तारेवर ती खरखरते, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून सगळ्यात बारीक पॉलिश पेपर आणावा लागतो. दुकानदार विचारतो, लाकडाला पाहिजे का लोखंडाला? मी लाकडाला म्हणून सांगतो. नायलॉनच्या तारा मात्र गावात मिळत नाहीत, मागितल्या की समोर स्टीलच्या येतात, त्या मुंबईहून मागवाव्या लागतात. नायलॉन तरी कुठं फार जुनं? दुसऱ्या महायुद्धात जनावरांच्या आतड्याची दोरी शस्त्रक्रियेच्या टाक्यांकडे वळवली गेली, गिटारला तारा मिळेनात, तेव्हा न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टिननं नायलॉनच्या करून पाहिल्या आणि थोर गिटारवादक सेगोव्हियानं त्या स्वीकारल्या. बाखच्या काळी तर वाद्याचे पडदेसुद्धा आतड्याचेच असत, दांडीला गाठ मारून बांधलेले, सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधतात तसे, हवे तर सरकवता येणारे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. एस. टी.तून निवृत्त झालेले, भजनी मंडळात पेटी वाजवणारे, सुराला पक्के. एका संध्याकाळी ते वर आले आणि दारातूनच म्हणाले, "काय हो साहेब, हे रोज काय वाजवायलात? बिलावल वाटतो, पण बिलावल न्हाई." मी त्यांना बसवलं आणि प्रेल्यूड पहिल्यापासून वाजवला. सा, पंचम, वरचा गंधार, निसटता रिषभ, पुन्हा गंधार. काकांची मान डोलायला लागली. शुद्ध मध्यम आला, निषाद आला, सगळं जागच्या जागी होतं. थोड्या वेळानं तीव्र मध्यम लागला. काकांनी एक भुवई उचलली, पण लगेच समजूतदारपणे म्हणाले, "यमनी बिलावल म्हणायचा का मग?" मी पुढं वाजवत राहिलो. आणि जिथं तो तीव्र मध्यम पाहुणा न राहता घरचाच होऊन बसतो आणि पंचम म्हणतो की आता मीच सा, तिथं काका ताडकन सरळ झाले. "थांबा थांबा! सा हलला की हो!"

हलला होता खरा. आपल्याकडे तंबोरा एकदा लागला की जगात काहीही होवो, सा आपल्या जागी असतो. ग्रहण लागेल, सरकार पडेल, गवई तिन्ही सप्तकं फिरून येईल, सा तिथंच. बाखच्या संगीतात तोच उठून चालायला लागतो. कधी पंचमाच्या घरी मुक्काम, कधी रिषभाच्या, आणि शेवटी, बराच वेळ आता येतो मग येतो असं करत, परत. मी काकांना सांगितलं, की हीच या लोकांची गंमत आहे. काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे साचीच बदली झाली म्हणा ना." नोकरदारांच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला यापेक्षा अधिक समजावून सांगण्याची गरज नव्हती. जाताना त्यांनी विचारलं, हा माणूस कुठला? मी म्हटलं, जर्मनीचा. काकांचा चेहरा एकदम उजळला. "मग आपलाच की! जगात जर्मनी, भारतात परभणी!"

ही म्हण परभणीत लहान पोराला बाराखडीच्या आधी येते. तिच्यात नेमकं काय साम्य सांगितलं आहे, हे मी पुष्कळांना विचारून पाहिलं. कुणी गावच्या लढवय्येपणाकडे बोट दाखवलं, कुणी हसून विषय बदलला. माझ्या मते यमकापलीकडे त्यात काही नाही. पण यमक म्हणजे तरी काय, दोन लांबच्या गोष्टी एका सुरावर येऊन थांबणंच की. बाख आणि आपण यांच्यात त्याहून बळकट धागा शोधायचा तर फार लांब, तंजावरपर्यंत जावं लागतं. ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ हा तरुण जर्मन १७४६ मध्ये हालेच्या विद्यापीठात दाखल झाला. त्याच वर्षी त्याच गावच्या मोठ्या चर्चमध्ये बाखचा थोरला मुलगा, विल्हेल्म फ्रीडेमान, ऑर्गनवादक म्हणून रुजू झाला होता. बाख १७५० च्या २८ जुलैला लाइपझिगमध्ये वारला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस श्वार्ट्झ मिशनरी म्हणून तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर उतरला. पुढं हाच श्वार्ट्झ तंजावरच्या सरफोजी भोसल्यांचा गुरू झाला. दुसरे सरफोजी, व्यंकोजीराजांच्या गादीवरचे, घरात मराठी बोलणारे. त्यांना युरोपी संगीताचा नाद होता आणि त्यांनी जमवलेल्या स्वरलिपींची बाडं सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. श्वार्ट्झ गेल्यावर राजानं फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. हालेच्या एखाद्या रविवारी, चर्चच्या गारठ्यात, या विद्यार्थ्याच्या कानावर बाखच्या मुलाचा ऑर्गन पडला असेल का? पडला असेल, किंवा तो उपदेशाच्या वहीत डोकं घालून बसला असेल. मला पहिलं आवडतं. एका मराठी राजाच्या गुरूच्या कानात बाखच्या घरचा एखादा सूर होता, एवढ्यावर मी परभणीची जर्मनी खुशाल मान्य करतो.

एकदा हा नाद लागला की तारखा आपोआप शेजारी येऊन बसतात. गास्पार सान्सचं स्पॅनिश गिटारचं प्रसिद्ध पुस्तक सारागोसात निघालं ते १६७४ साली. त्याच वर्षी जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. सान्सच्या गिटारला पाचच जोडतारा होत्या आणि त्याचे 'कानारिओस' आज गिटारच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या बोटांखालून जातात. बाखचं मॅथ्यू पॅशन १७२७ मध्ये लाइपझिगला पहिल्यांदा झालं. पुढच्या वर्षी इकडे बाजीरावानं निजामाला पालखेडला कोंडीत धरलं आणि गोदेकाठी मुंगी-शेवगावचा तह झाला. आमच्या गंगाखेडला जी गोदावरी येते ती मुंगीवरूनच येते. अर्थात नदीला यातलं काही सांगायला जाऊ नये.

गंगाखेड म्हणजे संत जनाबाईचं गाव. तिच्या नावाचे अभंग पुष्कळ, आणि त्यातले काही नंतरच्या हातांचे असावेत असं अभ्यासक म्हणतात. कुणीतरी अनाम माणूस ओव्या रचतो, आणि शेवटी स्वतःचं नाव न घालता जनीची मुद्रा उमटवतो. याला लबाडी म्हणायचं की समर्पण, हे मला कधी ठरवता आलं नाही. गिटारच्या जगातही अशी एक गोष्ट आहे. सिल्व्हियुस लिओपोल्ड वाइस हा ल्यूटचा मोठा वादक. तो १७३९ मध्ये लाइपझिगला बाखच्या घरी गेला होता आणि बाखच्याच वर्षी वारला. गेल्या शतकात सेगोव्हियाला कार्यक्रमांत जुन्या काळचं आणखी काही वाजवायला हवं होतं. त्याचा मित्र, मेक्सिकोचा मानुएल पोन्से, यानं १९३० च्या आसपास एक अख्खा ए मायनर स्वीट लिहून दिला आणि दोघांनी मिळून खाली नाव टाकलं वाइसचं. लोकांनी डोलून दाद दिली. खरा प्रकार पुढं उघड झाला तरी गिटारवाले तो अजून वाजवतात, कारण स्वीट सुरेख आहे. पोन्सेला टाळ्यांपेक्षा त्या अज्ञातवासात जास्त सुख मिळालं असेल, असा माझा अंदाज आहे. स्वतःच्या नावानं लिहिताना माणूस जरा सांभाळून लिहितो.

पण गिटारवाल्यांचा खरा अहंकार शाकोनपाशी कळतो. व्हायोलिनच्या दुसऱ्या पार्टिताचा हा शेवटचा भाग, पंधरा मिनिटांच्या आसपासचा. चार मापांचा एक पाया आणि त्यावर रचत नेलेलं अख्खं आयुष्य. ब्राम्सनं तो पियानोवर एकट्या डाव्या हातासाठी आणला, बुसोनीनं दोन्ही हातांनी त्याचा राजवाडा केला. सेगोव्हियानं १९३५ च्या जूनमध्ये पॅरिसला तो गिटारवर वाजवला, तेव्हा भुवया उंचावल्या. वाजवायला बसायचं धाडस त्याला कुठून आलं याचं उत्तर शाकोनच्या कुळात आहे. शाकोन म्हणजे मुळात चाकोना, सोळावं शतक संपता संपता स्पेनमध्ये गाजलेला, समुद्रापारच्या वसाहतींतून आला असं मानला जाणारा नाच. तो गिटारवर वाजायचा आणि सभ्य लोक त्याला नाकं मुरडायचे. फडावरच्या ढंगदार लावणीनं काही पिढ्यांत फ्रान्सच्या दरबारातून जाऊन जर्मनीत व्हायोलिनवर ध्यान लावून बसावं, असा हा प्रवास. त्यामुळं सेगोव्हियानं शाकोन गिटारवर आणला त्याला धाडस म्हणण्यापेक्षा मूळ गावी झालेली बदली म्हणावं. अशी बदली आमच्या खात्यात निवृत्तीला दोन वर्षं उरली की मिळायची. मी स्वतः शाकोन पूर्ण वाजवत नाही. मधला डी मेजरचा भाग, जिथं पाऊस थांबून एकदम ऊन पडावं तसं होतं, तेवढाच वाजवतो, आणि बाकीचा ऐकतो. ही मर्यादा आहे हे मला मान्य आहे, पण तिच्यात माझी फार छान सोय झाली आहे.

विजेची बाब मात्र इथल्या इथली. दोन हजार पाच-सहाच्या आसपासची भारनियमनाची ती वर्षं मराठवाड्यात कुणी विसरलं नसेल. संध्याकाळी वीज गेली की गल्ली एका दमात गप्प व्हायची. दूरदर्शन, पंखे, पिठाची गिरणी, लांबवरचा लाउडस्पीकर, सगळं एकदम. एरवी गिटारचा आवाज ओट्यापलीकडे जात नाही, तो त्या वेळी गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. माणसं बाजा टाकून अंगणात बसायची, कुणी सुपानं वारा घालायचं, आणि वरून लाइपझिगचं काहीतरी खाली उतरायचं. कुणी दाद दिली नाही, कुणी हरकतही घेतली नाही. वीज आली की एक सामुदायिक 'आली' असा ओरडा व्हायचा आणि बाखची मैफल तिथंच संपायची. महावितरणच्या वेळापत्रकावर चाललेल्या त्या कार्यक्रमांइतका चोख श्रोतृवर्ग मला पुन्हा मिळाला नाही, हे खरं आहे, पण भारनियमन परत यावं असं म्हणण्याइतका मी रसिक नाही.

गेल्या कार्तिकी एकादशीला काकांनी मला मुद्दाम भजनाला बोलावलं. पेटी पुढ्यात ओढून, भात्याला दोन हात मारून त्यांनी मंडळातल्यांना सांगितलं, "आज सुरवातीला जर्मनीचा एक तुकडा वाजवतो." ही पेटीही काही इथली नव्हे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या देबँनं तिला हार्मोनियम असं नाव दिलं, चर्चमध्ये पायानं वाजवायची ती कलकत्त्याला येऊन हातानं वाजायला लागली, १९४० पासून तीसएक वर्षं आकाशवाणीनं तिला दाराबाहेर उभं केलं, आणि तरी ती गावोगावच्या देवळांत मांडी घालून बसली. तिच्यावर सा, पंचम, वरचा गंधार सुरू झाला. माझ्या लक्षात येईपर्यंत पखवाजवाल्यानं भजनी ठेका धरला होता, आणि बाखचं एक माप आठ मात्रांत असं चपखल बसलं, की जणू ते लिहितानाच त्यानं टाळ ऐकले होते. शुद्ध मध्यम आला, निषाद आला, टाळकरी खूश झाले. तीव्र मध्यमाशी मी कान टवकारले. तो आला, नमस्कार करून गेला, आणि काका परत साकडे वळले. जिथं पंचम गादीवर बसतो तो सगळा भाग, रिषभाच्या घरचा मुक्काम, ती लांबलेली वाट पाहणं, काहीच आलं नाही. थेट शेवटचा भाग आला, आणि त्यातून काका न थांबता 'जय जय रामकृष्ण हरी'त शिरले.

नंतर प्रसादाच्या रांगेत मी विचारलं, काका, मधलं कुठं गेलं?

"सा हलतो तेवढं गाळलं," काका म्हणाले. "मंडळाला झेपत न्हाई ते. पण एक विचारायचं राहिलं, शेवटाला तुम्ही तो खालचा सूर एकदाच वाजवून सोडून देता. मी तो धरूनच ठेवला, बोट न उचलता. चाललं न्हवं?"

मी म्हटलं, चाललं. मग थोडा विचार करून म्हटलं, मधलं जे गाळलं ते कुठं तरी वाजायला पाहिजे.

"ते तुमच्याकडं वर वाजवत जा की," काका साबुदाण्याची खिचडी द्रोणात घेत म्हणाले, "मी खालून ऐकत असतो."